डार्विनचं हस्तलिखित कुणी कुणी वाचलं? (आणि आपला थिसिस कुणाला वाचायला द्यावा?)

थिसिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो: हे सगळं एकदा बाहेरच्या एडिटरला दाखवावं का? दाखवायचं तर कधी? पहिला ड्राफ्ट झाल्या झाल्या, की गाइडने वाचल्यावर? तो नेमकं काय करून देणार? आणि भाषा सुधारता सुधारता आपलं म्हणणंच बदललं तर? आमच्यापैकी जे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट असते. ती सहसा कुणी बोलत नाही. ती म्हणजे लाज. मदत घेतली तर ते लिखाण ‘आपलं’ राहतं का?

मराठीत संपादक म्हटलं की आपल्याला ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’चे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन आठवतात. पण ते मासिकाचे, प्रकाशनाचे संपादक. लेखकाने स्वतः शोधलेला, प्रकाशकाचा नोकर नसलेला, फक्त लेखकासाठी काम करणारा संपादक, ज्याला आज आपण फ्रीलान्स एडिटर म्हणतो, त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. माझा अभ्यास एकोणिसाव्या शतकातली विज्ञानाची पुस्तकं प्रत्यक्षात कशी तयार व्हायची यावर आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी एका लेखकाच्या कामाच्या पद्धतीतून शोधणार आहे. तो लेखक म्हणजे चार्ल्स डार्विन.

डार्विनच का? कारण त्याची पत्रं उपलब्ध आहेत. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून पंधरा हजारांहून जास्त पत्रं संपादित होऊन प्रसिद्ध झाली आहेत. पुस्तक छापून आलं की त्यामागची खाडाखोड दिसेनाशी होते. पत्रांमध्ये ती शिल्लक राहते. आणि ती पाहिली की एकट्याने दिवा लावून महाग्रंथ लिहिणाऱ्या प्रतिभावंताचं आपल्या डोक्यातलं चित्र बरंच बदलतं.

१८५९: एक हस्तलिखित, वेगवेगळे वाचक

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५६ पासून डार्विन नैसर्गिक निवडीवर एक प्रचंड ग्रंथ लिहीत होता. जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पत्र आलं, त्यात जवळपास तीच कल्पना होती. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण वाचलं गेलं. मग मोठा ग्रंथ बाजूला ठेवून डार्विनने त्याचा ‘सारांश’ लिहायला घेतला आणि मार्च १८५९ मध्ये तो जवळजवळ पूर्ण केला. हाच सारांश म्हणजे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’.

आता हे हस्तलिखित छापखान्यात जाण्याआधी कुणाकुणाच्या हातातून गेलं ते बघा.

पहिला वाचक वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर. त्याचं काम विषय तपासण्याचं होतं: वनस्पतींच्या भौगोलिक प्रसाराबद्दल जे लिहिलंय ते बरोबर आहे का? या प्रकरणाची एक गंमत आहे. हूकरकडे गेलेला कागदांचा गठ्ठा चुकून अशा ड्रॉवरमध्ये गेला जिथे त्याची बायको मुलांसाठी चित्रं काढायचे कागद ठेवत असे. हूकरच्या लक्षात येईपर्यंत जवळपास पाव भाग चित्रकलेत खर्ची पडला होता! डार्विनकडे जुना खर्डा होता म्हणून निभावलं. (बॅकअपचं महत्त्व १८५९ पासून सिद्ध आहे.)

दुसरी वाचक जॉर्जिना टॉलेट. ही बाई शास्त्रज्ञ नव्हती. डार्विनच्या सासरच्या, म्हणजे वेजवूड घराण्याच्या परिचयातली. तिला भाषेची उत्तम जाण आहे असं डार्विनचं मत होतं. तिने हस्तलिखित वाचलं ते एकाच प्रश्नासाठी: वाक्य कळतंय की नाही? तिला दोन-तीनच वाक्यं दुर्बोध वाटली.

पण तेवढ्यात हूकरची बायको फ्रान्सिस हिचं मत आलं, की लिखाण समजायला अवघड आहे. फ्रान्सिस ही डार्विनचे केंब्रिजमधले गुरू हेन्स्लो यांची मुलगी, म्हणजे विज्ञानाच्या वातावरणात वाढलेली. आता दोन वाचकांची दोन मतं. आपण काय केलं असतं? बहुतेक जण गोड मताला धरून बसतात. डार्विनने हूकरला जे लिहिलं त्याचा आशय असा, की स्पष्टतेसाठी मी जिवापाड मेहनत घेतली आहे, एका बाईंना तर दोन-तीनच वाक्यं अडली. पण तुझ्या पत्नीला तसं वाटलं असेल तर मात्र मला धडकी भरते. त्याने टॉलेटबाईंचं मत ढालीसारखं वापरलं नाही.

तिसरा वाचक प्रकाशकाकडून आला. जॉन मरे या प्रकाशकाने पहिली काही प्रकरणं व्हिटवेल एल्विन यांना दाखवली. एल्विन पाद्री होते आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चे संपादक होते. मे १८५९ मध्ये त्यांनी मरेला पत्र लिहून सल्ला दिला, की पुराव्यांशिवाय नुसता सिद्धांत मांडला तर सिद्धांतावरच अन्याय होईल. त्यापेक्षा डार्विनने सध्या फक्त कबुतरांवर पुस्तक लिहावं, कबुतरं सगळ्यांना आवडतात!

हा किस्सा नेहमी हसण्यावारी सांगितला जातो. जगातलं एक अत्यंत महत्त्वाचं पुस्तक कबुतरांचं पुस्तक होता होता वाचलं, वगैरे. पण जरा थांबून बघा. एल्विन यांना जाणवलेली अडचण खोटी होती का? ‘ओरिजिन’मध्ये तळटीपा नाहीत, पुराव्यांचा मोठा भाग बाहेर ठेवलेला आहे, आणि हे स्वतः डार्विनच मान्य करत होता. पुढे १८६८ मध्ये त्याने पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवर दोन खंड काढले, आणि त्यात चक्क दोन प्रकरणं कबुतरांची आहेत. म्हणजे एल्विन यांचं निदान बऱ्याच अंशी बरोबर होतं, औषध मात्र साफ चुकलं. डार्विनने ते औषध घेतलं नाही.

माझ्या मते एडिटरबरोबर काम करण्यातली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. “इथे अडखळायला झालं” असं वाचक म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरं सांगत असतो. “म्हणून असं करा” असं म्हणतो तेव्हा मात्र निर्णय आपला असतो.

असं नाही की डार्विन प्रत्येक सूचना फेटाळायचा. पुस्तकाच्या त्याने ठरवलेल्या नावात ‘सारांश’ हा शब्द होता. मरेला तो आवडला नाही. सारांश म्हटल्यावर पुस्तक कोण विकत घेणार? तो शब्द गेला. ‘नैसर्गिक निवड’ या शब्दांबद्दलही मरेची तक्रार होती. ते मात्र राहिले, कारण सगळा सिद्धांत त्यांच्यावर उभा होता. एक शब्द विक्रीचा, एक शब्द विचाराचा. कुठे सोडायचं आणि कुठे अडून बसायचं हे त्याला माहीत होतं.

प्रुफांवर केलेली खाडाखोड महाग पडते

इतक्या जणांनी वाचल्यावर सगळं सुरळीत झालं असेल ना? नाही. जूनमध्ये प्रुफं यायला लागली आणि छापलेल्या अक्षरात स्वतःचं लिखाण पाहून डार्विन हादरला. भाषा भयंकर वाटली. त्याने इतक्या दुरुस्त्या केल्या की मरेला पत्र लिहून माफी मागितली आणि वाढलेला खर्च स्वतः सोसायची तयारी दाखवली.

त्या काळी दुरुस्ती म्हणजे एकेक खिळा हाताने काढून नवा बसवणं. एक वाक्य वाढलं की पुढच्या ओळी सरकणार, पानं सरकणार. या दुरुस्त्यांचं बिल ७२ पौंडांच्या वर गेलं. पुस्तकाची किंमत होती १५ शिलिंग, म्हणजे ७२ पौंडांत पुस्तकाच्या ९६ प्रती आल्या असत्या! शेवटी २४ नोव्हेंबर १८५९ ला पुस्तक बाहेर पडलं, १२५० प्रतींची आवृत्ती.

आज खिळे नाहीत, पण हिशोब तोच आहे. थिसिस सबमिट करायला आठ दिवस उरले असताना एडिटरला फाइल पाठवली की तो फार तर स्पेलिंग आणि विरामचिन्हं बघू शकतो. त्या वेळी त्याने “तिसऱ्या प्रकरणातला युक्तिवाद दुसऱ्याला छेद देतोय” असं कळवलं, तर आपण आभार मानणार की डोकं धरणार?

आणखी एक गोष्ट. या सगळ्या वाचकांच्या नजरेतून एक मोठी चूक निसटलीच. दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड भागाची झीज व्हायला किती काळ लागला असेल, याचा डार्विनने हिशोब मांडला होता: सुमारे ३० कोटी वर्षं. पुस्तक आल्यावर टीकाकारांनी हा आकडा धरला. दुसऱ्या आवृत्तीत डार्विनने त्याला मुरड घातली आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो काढूनच टाकला. ही चूक भाषेची नव्हती. वाक्य अगदी स्वच्छ होतं. विशेष म्हणजे छपाईआधीची प्रुफं चार्ल्स लायल या नावाजलेल्या भूवैज्ञानिकाकडेही गेली होती. तेव्हा “एडिटरने बघितलंय” म्हणजे “बरोबर आहे” असा अर्थ होत नाही. आकड्यांची जबाबदारी लेखकाचीच.

एडिटरला काय सांगावं: १८७० चं एक पत्र

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. १८७० मध्ये डार्विन माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक, ‘डिसेंट ऑफ मॅन’, लिहीत होता. त्याची मुलगी हेन्रिएटा तेव्हा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान्सला होती. वय २६. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्याच वयाची. फेब्रुवारीत त्याने तिला हस्तलिखिताचं एक प्रकरण पाठवलं, माणसाच्या आणि प्राण्यांच्या मनाची तुलना करणारं. सोबत सूचना होत्या. त्यांचा आशय असा:

पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता सलग वाच, म्हणजे एकूण मांडणी कशी वाटते ते कळेल. कुठले भाग कंटाळवाणे झालेत ते मला मुद्दाम जाणून घ्यायचंय. या प्रकरणाचा उद्देश एवढाच आहे, पुढचा मुद्दा पुढच्या प्रकरणात येणार आहे. तळटीपा पाठवत नाही, त्यात जवळजवळ फक्त संदर्भच आहेत. एकदा वाचून झाल्यावर मग कसून टीका कर, भाषा सुधार, जितका वेळ देशील तितका मी ऋणी राहीन. मोठ्या दुरुस्त्या वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या पानाच्या समासाला टाचणीने लाव. आणि हो, काही भाग प्रवचनासारखा झालाय अशी भीती वाटते.

दीडशे वर्षांपूर्वीचं हे पत्र आजही नमुना म्हणून वापरता येईल. यात काय काय आहे मोजा: वाचनाचा क्रम ठरवून दिलाय (आधी मांडणी, मग भाषा). प्रकरणाची हद्द सांगितली आहे, म्हणजे नसलेल्या गोष्टीबद्दल तक्रार येणार नाही. काय बघायची गरज नाही तेही सांगितलंय. दुरुस्ती कशी करायची ते ठरवलंय: समासाला टाचलेली चिठ्ठी म्हणजे आपलं ‘ट्रॅक चेंजेस’च. मूळ मजकूर खाली तसाच राहतो, लेखक हवं ते स्वीकारतो. आणि शेवटी, स्वतःला वाटणारी शंका मोकळेपणाने सांगितली आहे.

आपण काय पाठवतो? “प्लीज चेक लँग्वेज अँड ग्रामर.” पाच शब्द. मग तक्रार करतो की एडिटरने फक्त ‘द’ आणि ‘अ’ बदलून दिले.

फेब्रुवारी १८७१ मध्ये पुस्तक आलं. महिनाभराने डार्विनने हेन्रिएटाला कळवलं, की समीक्षक माझ्या स्वच्छ, जोरकस शैलीची स्तुती करतायत, आणि त्यात तुझा वाटा किती मोठा आहे हे मला माहीत आहे. फक्त शैलीच नाही, मांडणीत आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे युक्तिवादातही तिची मदत झाल्याचं त्याने मान्य केलं. आठवण म्हणून २५-३० पौंडांची एखादी वस्तू तिला द्यावी असंही त्याच्या मनात होतं. त्या आवृत्तीतून त्याला स्वतःला १,४७० पौंड मिळणार होते. म्हणजे संपादकाचा वाटा झाला जेमतेम दोन टक्के. घरच्या माणसाचं काम घरातच जिरतं, तसंच हे.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. डार्विनकडे हूकर होता, लायल होता, टॉलेटबाई होत्या, सुशिक्षित बायको एमा होती, हेन्रिएटा होती. खर्ड्याची स्वच्छ प्रत करायला गावातला शाळामास्तर एबेनेझर नॉर्मन पगारी होता. ज्याच्या घरातली जेवणाच्या टेबलावरची माणसंच संपादक आहेत, त्याला फ्रीलान्स एडिटर शोधावा लागत नाही. आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. आपला थिसिस घरात कुणी वाचू शकत नाही. अशा माणसाने पैसे देऊन एखादा चांगला वाचक मिळवला तर त्यात कमीपणा कसला? जे डार्विनला घरबसल्या मिळालं तेच आपण बाहेरून घेतोय. लाज वाटायची असेल तर ती मदत लपवण्याची वाटावी, घेण्याची नाही.

पैसे देऊन केलेलं काम आणि वेळ

पगारी मदतीचंही उदाहरण आहे. १८६८ च्या त्या दोन खंडांची सूची करायचं काम विल्यम डॅलस या प्राणिशास्त्रज्ञाला दिलं होतं. मजकूर तयार, छपाई तयार, पण सूची काही होईना. डार्विन वैतागला, पुस्तक लांबलं. पण मोठ्या ग्रंथाची सूची म्हणजे शेकडो पानं शब्दाशब्दाने वाचणं, ती घाईत होत नाही. आणि पुढे काय झालं? १८७२ च्या ‘ओरिजिन’च्या सहाव्या आवृत्तीला जोडलेला पारिभाषिक शब्दांचा कोश याच डॅलसने केला. काम चांगलं होतं म्हणून संबंध टिकला. यातून घ्यायचं ते इतकंच, की फ्रीलान्स माणसाला किती पानं, कशा प्रकारचं काम आणि किती दिवस, हे आधी बोलून ठेवावं. आणि आपल्या वेळापत्रकात त्याच्या कामाला खरी जागा द्यावी, उरलेली नव्हे.

कात्री कुणाच्या हातात?

आता दुसरी बाजू. १८७९ मध्ये डार्विनने आपल्या आजोबांचं, इरॅस्मस डार्विनचं, छोटं चरित्र लिहिलं. ते एर्न्स्ट क्राउझ या जर्मन लेखकाच्या निबंधाला जोडून छापायचं होतं. या वेळी हेन्रिएटाने कात्री चालवली आणि डार्विनच्या मजकुरातला सुमारे १६ टक्के भाग गेला. न कापलेलं चरित्र वाचायला मिळालं ते थेट एकविसाव्या शतकात.

याच पुस्तकावरून एक भांडणही झालं. क्राउझने मूळ निबंधात नंतर भर घातली होती. ती घातल्याचा उल्लेख प्रस्तावनेच्या प्रुफात होता. छापलेल्या पुस्तकात तो राहून गेला. लेखक सॅम्युएल बटलर याला वाटलं, आपल्यावर टीका करण्यासाठी हे गुपचूप केलंय. जानेवारी १८८० मध्ये त्याने ‘अथीनियम’मध्ये जाहीर पत्र छापलं. एक ओळ गळली आणि प्रामाणिकपणावर शंका आली. म्हणून एडिट होऊन आलेली फाइल “ॲक्सेप्ट ऑल” करून पुढे पाठवायची नसते. काय वाढलं यापेक्षा काय गेलं ते जास्त काळजीने बघायचं असतं.

आणि शेवटचं उदाहरण. १८७६ मध्ये डार्विनने मुलांसाठी आत्मचरित्र लिहिलं. १८८२ मध्ये तो गेला. मुलगा फ्रान्सिसने ते १८८७ मध्ये छापलं, पण धर्माबद्दलची बरीच परखड मतं आणि काही माणसांबद्दलचे शेरे गाळून. एमाला ते छापायला नको होतं. हेन्रिएटाचा विरोध तर इतका तीव्र, की प्रकरण कोर्टापर्यंत जाण्याची भाषा झाली होती, असं भाऊ लेनर्डने पुढे सांगितलं. गाळलेले जवळपास सहा हजार शब्द परत आले १९५८ मध्ये, नात नोरा बार्लो हिच्या आवृत्तीत.

तीच हेन्रिएटा, तेच प्रेम, तीच भाषेची जाण. १८७० मध्ये तिच्या चिठ्ठ्या समासाला टाचलेल्या होत्या आणि त्या स्वीकारायला लेखक समोर होता. १८८७ मध्ये लेखक नव्हता. संपादन आणि सेन्सॉरशिप यांच्यातला फरक कधी कधी इतकाच असतो: शेवटचा होकार कुणाचा?

मग आपण काय करायचं?

यातून मला जे घ्यावंसं वाटलं ते असं.

एडिटरकडे जायची वेळ म्हणजे संपूर्ण प्रकरण लिहून झालेलं आहे, आपल्याला जमेल तितकं आपण सुधारलंय, आणि अजून मोठे बदल करायला किमान महिना-दोन महिने हातात आहेत. त्याआधी गेलो तर आपण त्याला विचार करायला लावतोय, म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात टाकतोय. त्यानंतर गेलो तर फक्त रंगसफेदी होते.

जाताना आपला प्रश्न ठरलेला हवा. विषय तपासायचा असेल तर हूकर शोधा, म्हणजे गाइड किंवा त्याच क्षेत्रातला सीनियर. त्यासाठी भाषेच्या एडिटरला पैसे देऊ नका. वाक्यं कळतायत का हे बघायचं असेल तर टॉलेटबाई शोधा. सगळं काम देण्याआधी चार-पाच पानं नमुना म्हणून करून घ्या. एडिटर आपलं म्हणणं समजून दुरुस्त करतोय की स्वतःचं घुसडतोय, ते तेवढ्यात कळतं. गाइडला आधी सांगा, युनिव्हर्सिटीचे नियम बघा, आणि ऋणनिर्देशात त्या माणसाचं नाव आणि त्याने केलेलं काम स्पष्ट लिहा. आणि कुणी “डेटा द्या, प्रकरण लिहून देतो” म्हणालं, तर ते एडिटिंग नाही. तिथून उठून या.

थिसिसवर शेवटी आपलं नाव असतं, आणि व्हायव्हाला आपणच बसलेले असतो. समासातली प्रत्येक चिठ्ठी तिथे का स्वीकारली किंवा का काढून टाकली, हे आपल्या शब्दांत सांगता आलं, तर ते लिखाण आपलंच आहे.